दोघांपुरती जमीन

‘देणे आहे’ सदरातली ती जाहिरात चार ओळींची होती. गिनीपिगची जोडी, दोन्ही नर, वय आठ महिने, पिंजरा आणि पाण्याच्या बाटलीसकट देणे आहे. कारण: सारखे भांडतात. खाली एक फोटो. निळ्या प्लॅस्टिकचा तळ आणि वर पांढऱ्या तारांचा घुमट असलेला तो पिंजरा दुकानात हॅमस्टरसाठी ठेवलेला असतो, त्याच घाटाचा पण एक माप मोठा. फार तर दोन फूट लांब आणि दीड फूट रुंद. आत एक लाकडी खोपटं, एक वाटी, कोपऱ्यात तुडवून ओलं झालेलं गवत. खोपट्याच्या दारात एकाचं तोंड दिसत होतं. दुसरा समोरच्या कोपऱ्यात जाळीला अंग चिकटवून, पाठ फिरवून बसला होता. त्या दोघांमध्ये वीतभर अंतर असेल. पाठ फिरवून बसलेल्याला त्याहून लांब जायला जागाच नव्हती. कारण फोटोत इतकं स्पष्ट दिसत होतं, आणि ज्यानं तो काढला त्याला ते दिसलं नव्हतं, हे बरेच दिवस डोक्यातून जाईना. वाईट याचंही वाटलं की जो कुणी ही जोडी घरी नेईल तो ती त्याच पिंजऱ्यात ठेवेल, कारण पिंजरा फुकट मिळतोय.

दुकानात काय होतं ते साधारण ठरलेलं आहे. महिना-दीड महिन्याची, पाव किलोची दोन पिल्लं गिऱ्हाइकाच्या ओंजळीत येतात. ओंजळीत मावणाऱ्या जिवाला दोन फुटांचा पिंजरा प्रशस्तच वाटणार. दुकानदारही खोटं बोलत नसतो, त्या दिवशी ती पिल्लं त्यात खरंच मोकळी दिसतात. पण वर्षाच्या आत त्यांची लांबी पंचवीस सेंटिमीटरच्या आसपास जाते, वजन किलोच्या घरात पोचतं, आणि पुढची पाच ते आठ वर्षं ती तेवढीच राहतात. म्हणजे पिंजरा घ्यायचा तो ओंजळीतल्या पिल्लासाठी नसतो, पुढच्या वर्षीच्या थोराड जनावरासाठी असतो. ‘आधी छोटा घेऊ, मग बदलू’ हा विचार बहुतेक घरांत तिथंच राहतो. मधल्या काळात पिल्लं वयात आलेली असतात, आणि वयात येताना लागलेल्या भांडणाच्या सवयी मोठ्या पिंजऱ्यात गेल्यावरही लगेच सुटत नाहीत.

या प्राण्याची मूळ चाल समजून घेतली की मापाचा प्रश्न निम्मा सुटतो. गिनीपिग आला दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातून. पेरू, बोलिव्हिया, इक्वेडोर या भागात माणसानं त्याला हजारो वर्षांपूर्वी माणसाळवलं, ते मांसासाठी. तिथल्या डोंगराळ खेड्यांत अजूनही तो स्वयंपाकघरात मोकळा सोडलेला असतो. चुलीच्या उबेला, भिंतीच्या कडेकडेनं तो धावतो, टाकलेला हिरवा पाला खातो आणि खुट्ट झालं की आडोशाला पळतो. त्याचे रानटी भाईबंद उंच गवतात कळपानं राहतात आणि गवतातून जायच्या-यायच्या ठरलेल्या वाटा तुडवून ठेवतात. सशासारखी बिळं ते खोदत नाहीत, उंदरासारखे चढत नाहीत, खारीसारख्या उड्याही मारत नाहीत. त्यांच्याकडे बचावाचा एकच मार्ग आहे: सपाट जमिनीवर जोरात पळणं आणि आडोसा गाठणं. म्हणून पिंजऱ्याची उंची त्यांच्या फारशा कामाची नाही. मोकळं, उघडं मैदानही त्यांना नको असतं. त्यांना हवी असते लांबी, कडेनं धावायला वाट, आणि त्या वाटेच्या दोन्ही टोकांना लपायला जागा.

फोटोतल्या पिंजऱ्याचा हिशेब मांडून बघू. साठ सेंटिमीटर गुणिले पंचेचाळीस, म्हणजे २७०० चौरस सेंटिमीटर, जेमतेम तीन चौरस फूट. आता दोन गिनीपिगांना लागणाऱ्या वस्तू ठेवू. दोघांना दोन खोपटी हवीत, कारण एकच असेल तर ते कुणाचं यावरून पहिलं भांडण होतं. थोराड जनावराला आत फिरता यावं म्हणून एकेक किमान तीस बाय पंचवीस सेंटिमीटरचं, म्हणजे दोहोंचे मिळून १५०० चौरस सेंटिमीटर. त्यांच्या खाण्यातला मोठा वाटा गवताचा असतो आणि ते दिवसभर लागतं. त्यासाठी तीस बाय चाळीसचा ट्रे, म्हणजे आणखी १२००. पाण्याच्या बाटल्यांखालची ओली जागा आणि खाण्याच्या वाट्या यांना साधारण ४०० धरा. बेरीज ३१०० होते. नुसतं सामानच पिंजऱ्यापेक्षा चारशे चौरस सेंटिमीटरनी जास्त भरलं, आणि जनावरं अजून आत आलेलीच नाहीत. अशा पिंजऱ्यात नेहमी एकच खोपटं का दिसतं आणि गवत पायाखाली का असतं, याचं उत्तर या बेरजेत आहे.

मग किती जागा हवी? गिनीपिग पाळणाऱ्यांमध्ये जो आकडा सर्वांत जास्त मानला जातो तो असा: दोघांना कमीत कमी साडेसात चौरस फूट, आणि बरं म्हणावं असं साडेदहा चौरस फूट. वरचाच हिशेब या मापाला लावला तर साडेसात फुटांत, म्हणजे साधारण ७००० चौरस सेंटिमीटरमध्ये, सामान वजा जाता ३९०० उरतात. साडेदहा फुटांत उरतात ६७००. एकूण जागा दीडपटीनंही वाढली नाही, पण पळायची जागा पावणेदोन पट झाली, कारण सामान तेवढंच राहतं. वाढलेले तीन चौरस फूट थेट पळण्याच्या खात्यात जमा होतात. म्हणून ‘किमान’ आणि ‘बरं’ या दोन मापांत निवड करायची असेल तर मी कुणालाही मोठंच सांगेन. त्या तीन फुटांइतकं काम दुसरी कुठलीच वस्तू करत नाही. तेवढे पैसे खेळण्यांवर, झोळ्यांवर, शोभेच्या पुलांवर घालवून काही साधत नाही.

वेगवेगळ्या देशांत वेगवेगळी मापं सांगितली जातात आणि ती वाचून माणूस गोंधळतो. माप कशासाठी सांगितलंय ते आधी बघावं. अमेरिकेतल्या प्रयोगशाळांसाठीची मार्गदर्शिका ३५० ग्रॅमहून मोठ्या गिनीपिगला १०१ चौरस इंच जागा देते. दोघांचे मिळून दीड चौरस फूटही होत नाहीत. ते माप जनावर प्रयोगापुरतं सांभाळायचं आहे, त्याला घरात सात-आठ वर्षं आनंदानं जगवायचं नाही. स्वित्झर्लंडनं २००८च्या प्राणिसंरक्षण नियमांत गिनीपिग एकटा ठेवायलाच मनाई केली, कारण तो कळपाचा प्राणी आहे. मला हा नियम मापांच्या कोष्टकापेक्षा महत्त्वाचा वाटतो. जोडी हवीच. पण जोडी ठेवायची म्हणजे दोघांना एकमेकांजवळ बसता येईल इतकीच नव्हे, एकमेकांपासून लांब जाता येईल इतकी जागा ठेवायची.

साडेदहा चौरस फूट ऐकलं की मुंबई-पुण्यातल्या माणसाच्या पोटात गोळा येतो. सेंटिमीटरमध्ये ते सत्तर बाय एकशे चाळीस होतं. कॅरमचे दोन बोर्ड एकाला एक लावून ठेवले तर त्यांच्या आतल्या खेळायच्या फळ्यांची जागा जवळजवळ एवढीच भरते. तीन बाय सहाच्या दिवाणाचा तो निम्म्याहून थोडा जास्त भाग आहे. दोन खोल्यांच्या घरातही एवढी जागा बहुतेक वेळा निघते, फक्त ती आधी खडूनं फरशीवर आखून दोन दिवस तशीच ठेवावी. कपाटाचं दार उघडताना, झाडू मारताना, रात्री पाण्याला उठताना ती रेघ किती वेळा ओलांडावी लागते ते कळतं. पिंजरा आणल्यावर अडगळ वाटून तो गॅलरीत ढकलला जातो, त्यापेक्षा आधी रेघेशी भांडलेलं बरं. आखूनही जागा निघत नसेल तर दुसरा प्राणी पाळावा. तीन फुटांत ‘सध्यापुरते’ ठेवू ही तडजोड मला मान्य नाही. तिची किंमत आपण देत नसतो.

आता आकार. क्षेत्रफळ तेवढंच असलं तरी चौरसापेक्षा लांबट आयत चांगला. गिनीपिग संध्याकाळी आणि पहाटे अचानक उधळतो, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सुसाट जातो, वळतो, मधेच चारही पाय उचलून हवेत अंग झटकतो. हे बघायला मिळावं म्हणून तर माणसं त्याला पाळतात. एकशे चाळीस सेंटिमीटरची धाव म्हणजे त्याच्या अंगाच्या साडेपाच पट. साठ सेंटिमीटरच्या पिंजऱ्यात तो दोन अंगांएवढा जातो आणि नाक जाळीला लागतं. थोड्या दिवसांनी तो धावणंच सोडतो. लोक म्हणतात किती शांत आहे, आणि शांतपणे त्याचं वजन वाढत राहतं. मात्र लांबीच्या नादात रुंदी साठ सेंटिमीटरच्या खाली आणू नये. खोपटं ठेवल्यावर बाजूनं एक जनावर दुसऱ्याला न खेटता जायला हवं, आणि तीस सेंटिमीटरच्या खोपट्याशेजारी तेवढी वाट साठातच उरते. घराच्या कोपऱ्यात बसवायचा तर इंग्रजी ‘एल’च्या आकाराचा पिंजराही छान. त्यात कोपऱ्यामुळे दोघं एकमेकांच्या नजरेआड होतात, आणि एका घरात राहणाऱ्या दोघांना ते अधूनमधून लागतंच.

दुमजली, तिमजली पिंजरे विकणारे मजल्यांची बेरीज करून माप सांगतात.

ती बेरीज धरू नये. वरचा मजला ही चैन आहे, त्यानं खालची धाव लांब होत नाही. शिवाय चढाची पट्टी खालच्याच जमिनीतून जागा खाते. गिनीपिगला उतार अवघड जातो, पाय आखूड आणि शरीर जड. चढ तीस अंशांपेक्षा उभा असला, कडेला कठडे नसले किंवा पट्टी गुळगुळीत असली तर तो वर जातच नाही, आणि गेला तर उतरताना घसरतो. मजला करायचाच असेल तर खालची जमीन पूर्ण साडेसात-साडेदहा फूट ठेवून त्याच्यावर करावा आणि तिथं गवताचा ढीग ठेवावा. उंचीला पस्तीस सेंटिमीटरची भिंत पुरते. काही धीट जनावरं पंधरा-वीस सेंटिमीटरची कड ओलांडतात, पण त्यापुढे त्यांची मजल जात नाही.

जोडी कोणाची आहे यावरही माप हलतं. दोन माद्या साडेसात फुटांत बहुधा निभावून नेतात. दोन नरांना मी साडेदहाखाली काही सुचवणार नाही. नर तीन-चार महिन्यांचे झाले की वर्षभर त्यांचा ताठा चालतो: घुमल्यासारखा आवाज काढत ढुंगण हलवत दुसऱ्याभोवती फिरणं, अंगावर चढणं, हनुवटी उंच करून उभं राहणं, मागे धावणं. हे सगळं चालायचंच, ते थांबवायला जाऊ नये. यात हरणाऱ्याला पळून दुसऱ्या टोकाला जाता आलं की भांडण तिथं संपतं. जाता आलं नाही तर दातांचा कटकट आवाज, मानेवरचे केस उभे, जबडा उघडून दात दाखवणं आणि मग चावा, हा क्रम येतो. रक्त आलं तर वेगळं करायचंच, पण हात घालून नाही. मधे जाड टॉवेल किंवा केर भरायचं सुपलं घालावं. वेगळं केल्यावरही एकमेकांना दिसतील, वास येईल असं जाळीपलीकडे ठेवावं. सत्तर बाय एकशे चाळीसच्या पिंजऱ्यात मधोमध दोन जाळ्या लावल्या की सत्तर-सत्तरचे दोन चौरस होतात. तडजोड म्हणून काही दिवस तेवढं चालतं. छोट्या पिंजऱ्यात ही सोयच नसते, म्हणून तिथली भांडणं थेट जाहिरातीपर्यंत जातात.

आणि नर-मादी असतील तर मापाचा विचार सुरू करण्याआधीच थांबावं. दुकानात लिंग तपासून देण्याची खात्री नसते, तेव्हा पहिल्या आठवड्यातच व्हेटकडून बघून घ्यावं. नर तीन आठवड्यांचा झाला की प्रजननक्षम होऊ शकतो. गर्भ दोन महिने ते बहात्तर दिवसांचा, एका वेळी दोन ते चार पिल्लं, आणि व्यायल्यावर काही तासांतच मादी पुन्हा माजावर येते. दोघांसाठी घेतलेला कुठलाही पिंजरा या वेगापुढे टिकत नाही. शिवाय मादी सात-आठ महिन्यांची झाल्यावर पहिल्यांदाच गाभण राहिली तर ओटीच्या हाडांचा सांधा घट्ट झालेला असतो आणि बाळंतपणात तिचा जीव जाऊ शकतो.

बाजारात साडेदहा फुटांचा तयार पिंजरा सहसा मिळत नाही, आणि मिळाला तर त्याची किंमत ऐकून माणूस परत तीन फुटांवर येतो. त्यापेक्षा घरी बांधावा. त्याला सुताराचं कसब लागत नाही. कपडे-पुस्तकं ठेवायला जोडून करायच्या मांडण्या मिळतात, त्यांच्या पस्तीस सेंटिमीटर चौरस लोखंडी जाळ्या घ्यायच्या. लांबीला चार आणि रुंदीला दोन, म्हणजे चारही बाजूंना मिळून बारा जाळ्या. मांजर, घूस, कावळा यांच्या भीतीनं आपल्याकडे झाकण हवंच, त्याला आठ. एकूण वीस. घेताना जाळीची भोकं मोजायची. पस्तीस सेंटिमीटरमध्ये एका ओळीला नऊ भोकं असली तर प्रत्येक भोक पावणेचार-चार सेंटिमीटरचं होतं आणि मोठ्या जनावराला ते ठीक आहे. पाच-सहाच भोकं असलेली स्वस्त जाळी घेऊ नये. त्यातून डोकं बाहेर जातं आणि मागे येत नाही. जाळ्यांसोबत येणारे प्लॅस्टिकचे गोल जोड धक्क्यानं निसटतात, म्हणून प्रत्येक जोडावर दोन केबल टाय आवळावेत आणि उरलेली टोकं बाहेरच्या बाजूला अगदी मुळाशी कापावीत. दार करायच्या जाळीला फक्त एका कडेनं टाय, दुसरीकडे कपडे वाळत घालायचे चिमटे किंवा हुक.

तळासाठी पाट्या-बॅनर करणाऱ्यांकडे मिळणारी सनपॅक शीट घ्यावी. पोकळ नळ्यांची, दोन थरांची, आठ बाय चार फुटांची ती असते. तीन मिलिमीटरची भिंत फुगते, पाच मिलिमीटरची ताठ राहते. रंग पांढरा किंवा फिका घ्यावा. गिनीपिगला मुतखड्याचा त्रास होऊ शकतो आणि लघवीतलं रक्त फिक्या रंगावरच वेळेत दिसतं. आधी जाळ्यांचा सांगाडा पूर्ण उभा करून आतलं माप टेपनं घ्यायचं, कारण जोडांमुळे सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर इकडेतिकडे होतात. आत सत्तर बाय एकशे चाळीस भरलं तर चारही बाजूंना पंधरा सेंटिमीटर भिंत धरून शीट शंभर बाय एकशे सत्तरची कापायची. मग ती पालथी घालून प्रत्येक कडेपासून पंधरा सेंटिमीटरवर स्टीलच्या पट्टीनं रेघ धरायची आणि कटरनं फक्त वरचा थर कापायचा. ही काप बाहेर राहते आणि भिंत आत उभी दुमडते. नळ्यांना आडव्या रेघा सोप्या जातात, पण नळ्यांच्या दिशेतली रेघ काढताना पातं नळीत घसरून शीट आरपार कापतं. तिथं हात हलका ठेवून दोन-तीनदा फिरवावं. चारही कोपऱ्यांत दोन रेघा एकमेकींना छेदतात, त्यांतली एकच रेघ कडेपासून छेदापर्यंत पूर्ण कापायची. जो पंधरा सेंटिमीटरचा चौकोन सुटतो तो शेजारच्या भिंतीच्या बाहेरून वळवून रुंद टेपनं चिकटवायचा. टेप आतून लावली तर दोन दिवसांत कुरतडून पोटात जाते. हा ट्रे जाळ्यांच्या आत ठेवायचा. उरलेल्या शीटचे दोन तुकडे राखून ठेवावेत, त्यांतून दोन तोंडांची खोपटी होतात. एकाच दाराचं खोपटं म्हणजे आतल्याची कोंडी: दारात दुसरा उभा राहिला की भांडण ठरलेलं. प्रत्येक खोपट्याला समोरासमोर दोन दारं ठेवावीत.

ज्यांना कापाकापी नको त्यांनी कुत्र्याच्या पिल्लांसाठीचं घडीचं कुंपण घ्यावं. दोन फूट रुंदीचे आठ भाग रुंदीला एकेक आणि लांबीला तीन-तीन असे मांडले तर बारा चौरस फूट होतात. गजांमधलं अंतर मात्र जास्त असतं, म्हणून आतून बारीक जाळी बांधावी लागते, आणि तळाला लिनोलियम (फरशीवर अंथरायचं गुळगुळीत आवरण) पसरून त्याच्या कडा बाहेर काढाव्या लागतात.

तारेचा तळ नको, तो कितीही ‘स्वच्छ’ म्हणून विकला जात असला तरी. गिनीपिगच्या पंजांच्या गाद्यांवर केस नसतात. जड शरीर सतत तारेवर राहिलं की तळवे लाल होतात, सोलतात, जंतू शिरून सुजतात आणि हाडापर्यंत जखम गेली की ती बरी करणं फार अवघड होतं. तारेत नख किंवा पाय अडकून मोडतो तो वेगळाच. सनपॅकवर खाली जुने टॉवेल, वर फ्लीस (हलक्या ब्लँकेटांचं मऊ कापड) अशी मांडणी आपल्याकडे परवडते. दीड मीटर रुंदीच्या स्वस्त फ्लीसच्या ब्लँकेटमधून ऐंशी बाय दीडशेचे दोन तुकडे निघतात, चारही बाजूंनी पाच-पाच सेंटिमीटर भिंतीला टेकतात. नवं फ्लीस पाणी झिडकारतं, म्हणून ते गरम पाण्यात दोन-तीनदा धुवावं, कपडे मऊ करायचं औषध न घालता. चमचाभर पाणी ओतून बघावं. थेंब वरच राहिला तर अजून एक धुणं हवं, झरकन खाली झिरपला तर तयार. पावसाळ्यात कोकणात-मुंबईत फ्लीस दोन-दोन दिवस वाळत नाही आणि दमट फ्लीसवर बसून केस जातात, बुरशी होते. तिथं तीन जोड ठेवावेच लागतात. सुताराकडचा फुकटचा भुसा मोहक वाटतो, पण त्यात प्लायवुडचा डिंक, देवदार-पाइनचा उग्र अंश आणि बारीक धूळ असते, आणि या प्राण्याची फुप्फुसं फार नाजूक. त्याच कारणासाठी काचेची मत्स्यपेटीही नको: हवा हलत नाही आणि लघवीचा अमोनिया तळाशीच साचतो.

पिंजरा मोठा म्हणजे साफसफाई जास्त, ही भीती अनुभवानं खोटी ठरते. दोघांच्या लेंड्या दिवसाला दोनशेच्या आसपास असतात, पिंजरा कोणताही असो. तीन फुटांत त्या सगळीकडे तुडवल्या जातात, दुसऱ्या दिवशी वास येतो आणि सगळं उपसावं लागतं. साडेदहा फुटांत त्या गवताजवळ आणि लपायच्या जागी साठतात. रोज पाच मिनिटं छोट्या झाडूनं झाडलं की पूर्ण बदल चार-पाच दिवसांनी करता येतो. तळाला लघवीचे पांढरे डाग धरतात, ते चुन्याचे, म्हणजे कॅल्शियमचे असतात आणि पांढऱ्या व्हिनेगरनं दहा मिनिटांत सुटतात.

जागा ठरवताना उन्हाचा विचार मापाइतकाच गंभीरपणे करावा. गिनीपिगला अठरा ते चोवीस अंश मानवतं. सव्वीस-सत्तावीसच्या पुढे त्याला त्रास व्हायला लागतो, कारण त्याला घाम येत नाही आणि कुत्र्यासारखं धापा टाकून त्याला अंगही गार करता येत नाही. विदर्भात, मराठवाड्यात एप्रिल-मे म्हणजे त्याच्यासाठी जीवघेणा काळ. पश्चिमेची गॅलरी, पत्र्याखालची खोली, ओट्याच्या धुराची बाजू टाळावी. घरातली सर्वांत गार फरशी शोधून पिंजरा तिथं, स्टँडवर नव्हे, जमिनीवर ठेवावा. आत एका टोकाला शहाबादी फरशीचा तुकडा ठेवला की दुपारी दोघं त्यावर पसरतात. मोठ्या पिंजऱ्याचा इथंही उपयोग आहे: एक टोक गार आणि दुसरं साधं ठेवता येतं, हवं तिथं जायचं ते जनावर ठरवतं. गोठवलेली पाण्याची बाटली जुन्या मोज्यात घालून ठेवायची तर दोन ठेवाव्यात. लाळ गळत असेल आणि अंग टाकून पडलेला असेल तर ओला टॉवेल अंगाखाली घालून लगेच दवाखाना गाठावा. बर्फाचं पाणी ओतू नये.

पिंजरा मांडल्यावर पहिला आठवडा नुसतं बघावं. सगळं सामान दोन-दोन: बाटल्या, वाट्या, गवताच्या जागा, खोपटी, आणि प्रत्येक जोडीतली एकेक वस्तू दोन टोकांना. गवत म्हणजे सावलीत वाळवलेली हरळी किंवा ओटचा चारा मिळाला तर उत्तम. लसूणघास कॅल्शियमनं भरलेली असते, मोठ्या जनावराला ती रोज नको. चार-पाच दिवसांत फ्लीसवरचे ओले कोपरे दिसायला लागतील. हा प्राणी खाता खाता विधी उरकतो, तेव्हा गवताचे ट्रे त्याच ओल्या कोपऱ्यांत सरकवावेत, बाकीची जमीन कोरडी राहते. दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर टोपली ठेवून दोघांचं वजन वेगवेगळं लिहावं. एकाचं वाढतंय आणि दुसऱ्याचं उतरतंय असं दिसलं तर आधी दात आणि आजार तपासून घ्यावेत. ते ठीक असतील तर एकाला दुसरा खाऊ देत नाही असं समजावं, आणि गवताची तिसरी जागा करून ती पहिल्या दोन्हींपासून होईल तितकी लांब ठेवावी.